मोहोरावरचा आळ

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत दवाखान्याचं काम करताना शिंका, वाहणारं नाक, चुरचुरणारे डोळे, पहाटेचा कोरडा खोकला आणि छातीतली घरघर या तक्रारी बाराही महिने समोर येतात. आणि बहुतेक रुग्ण आपला गुन्हेगार आधीच ठरवून येतात. पौष-माघात आंब्याचा मोहोर, फाल्गुनात राबभाजणीचा धूर, चैत्रात सावरीचा उडणारा कापूस, आश्विनात बांधावरचं फुललेलं गवत, कार्तिकात झोडणीची धूळ आणि वर्षभर महामार्गाची माती. ही यादी निरर्थक नाही. लोक आपल्या शरीराकडे आणि आपल्या परिसराकडे डोळे उघडे ठेवून पाहतात, त्यातून ती तयार झालेली आहे. पण वर्षानुवर्षं या तक्रारी ऐकताना माझं मत ठाम होत गेलं आहे की, यातला बराचसा आळ भलत्यावरच घेतला जातो. आपल्याकडच्या श्वसनाच्या ॲलर्जीचं मुख्य मूळ घराबाहेरच्या झाडांवर नाही, ते घरातल्या ओलीत आहे. गादी-उशीतले धूळकिडे, भिंतीवरची बुरशी आणि ओट्याखालची झुरळं ही त्या ओलीची तीन अपत्यं. हे मत केवळ दवाखान्यातल्या निरीक्षणावर सोडून द्यावं असं नाही. त्यामागचा पुरावा तपासता येतो आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही तपासायला हवेत.

परागकणांचं नाव या आजाराशी जोडलं गेलं ते इंग्लंडमध्ये. जॉन बॉस्टॉक या लंडनच्या डॉक्टरने १८१९ साली स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या त्रासाचं वर्णन केलं आणि मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने १८७३ साली गवताचे पराग स्वतःच्या नाकावर आणि त्वचेवर लावून त्यांचा दोष सिद्ध केला. तेव्हापासून ॲलर्जी म्हणजे फुलं, वसंत आणि वारा हे चित्र पक्कं झालं. कोरड्या मुलखात ते बऱ्याच अंशी खरंही आहे. बिकानेर-जोधपूरकडे विलायती बाभळीचे पराग हे दम्याचं आणि सर्दीचं एक मोठं कारण मानलं जातं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात एकेकाळी छातीच्या रुग्णांना कोरड्या हवेसाठी पाठवत. तिथे जाऊन वसलेल्या लोकांनी अंगणात तुती आणि ऑलिव्ह लावले, हिरवळीसाठी आपल्या दूर्वांचीच जात, म्हणजे हरळी, पसरवली आणि पाहता पाहता त्या शुद्ध हवेत परागांचा सुकाळ झाला. टूसान शहराच्या परिसरात तुती आणि ऑलिव्हच्या विक्रीवर १९८०च्या दशकात निर्बंध घालावे लागले. पण मला त्याहून बोलकी वाटते ती त्याच टूसानमध्ये मुलांवर झालेली पाहणी. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार तिथल्या मुलांच्या दम्याशी सर्वांत घट्ट संबंध कुठल्याही फुलाचा नव्हता, तो अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा होता. न्यू मेक्सिकोतलं लॉस अलामॉस हे उंचावरचं, कोरडं गाव. तिथे धूळकिडे आणि झुरळं जवळजवळ नाहीत, तरीही दमा आहे. तिथल्या मुलांची ॲलर्जी मुख्यतः मांजर आणि कुत्र्यांशी जुळलेली आढळली. म्हणजे ॲलर्जीकडे कल असलेलं शरीर एका ठरावीक पदार्थाच्या शोधात नसतं. त्या-त्या हवामानात जो पदार्थ रोज, भरपूर आणि नाकाच्या अगदी जवळ असतो त्याच्याशी ते वैर धरतं. म्हणून राजस्थानची किंवा ॲरिझोनाची यादी उचलून पेणच्या रुग्णाच्या हातात देणं चूक आहे. आपल्या इथे काय रोज, भरपूर आणि नाकाजवळ आहे, हे आधी पाहायला हवं.

आपल्या इथे पाणी आहे. पेण-रोह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते. धरमतर खाडीच्या बाजूचा खारेपाट असो, भोगावतीच्या काठचं पेण असो की कुंडलिकेच्या काठचं रोहा, श्रावणात कपाटातल्या चामडी चपलेवर आणि लग्नाच्या शालूवर बुरशी चढते. मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, भिंतींचे पोपडे सुटतात. हीच हवा धूळकिड्याला हवी असते. हा प्राणी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा, डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या कुळातला. तो चावत नाही, रक्त पीत नाही. माणसाच्या अंगावरून रोज गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. त्याला तोंडाने पाणी पिता येत नाही. हवेतली वाफ शरीरात शोषून तो आपली तहान भागवतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली जाऊन काही आठवडे तशीच राहिली तर तो सुकून मरतो. ७५-८० टक्के आर्द्रता आणि २५ अंशांच्या आसपासचं तापमान मिळालं तर त्याची वीण वाढत जाते. पेणमधल्या जुलैच्या खोलीचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही. घरातल्या धुळीमुळे दमा होतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं, पण त्या धुळीत नेमकं काय असतं हे १९६४च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहॉर्स्ट आणि स्पिक्स्मा यांनी दाखवलं. त्यांना वाट सापडली ती ओल्या घरांमुळे. ओल धरलेल्या घरांतली धूळ कोरड्या घरांतल्या धुळीपेक्षा जास्त त्रासदायक का, हा त्यांचा प्रश्न होता. समुद्रसपाटीखाली बांध घालून राहणाऱ्या त्या देशाचा हा प्रश्न आमच्या खारबंदिस्तीच्या गावांना परका वाटू नये.

किड्यापेक्षाही त्याची विष्ठा त्रास देते. तिचे कण सुमारे २० मायक्रॉनचे, म्हणजे जड. हवेत उडाले तरी थोड्याच मिनिटांत खाली बसतात. म्हणून खोलीत नुसतं बसलेल्या माणसाला त्रास कमी होतो. उशीत नाक खुपसून सात-आठ तास झोपणाऱ्याला, गादी झटकणाऱ्याला आणि झाडू मारणाऱ्याला तो जास्त होतो. पहाटे चारचा खोकला आणि उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका ही तक्रार ऐकली की मी रुग्णाला बागेबद्दल आधी विचारत नाही. अंथरुणाबद्दल विचारतो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ गावांतली एक हकीकत या बाबतीत मला फार महत्त्वाची वाटते. तिथे प्रौढांमध्ये दमा जवळपास नव्हताच. बाहेरच्या जगाशी संबंध आल्यावर लोक ब्लँकेट वापरू लागले, रात्री ती डोक्यावरून ओढून झोपू लागले. काही वर्षांत प्रौढांमधल्या दम्याचं प्रमाण सात टक्क्यांवर गेलं, आणि तपासल्यावर ती ब्लँकेटं धूळकिड्यांनी खच्चून भरलेली निघाली. १९८५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. गावाची हवा तीच, झाडं तीच, माणसं तीच होती. बदललं होतं ते अंथरूण-पांघरूण.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की, आमचे आजे-पणजे मातीच्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, गुराढोरांच्या शेजारी राहिले. त्यांना कुठे होती ॲलर्जी? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. एक तर जुन्या गावात दमेकरी माणसं होतीच, त्यांना निदान मिळत नव्हतं आणि त्यांतली बरीच लवकर जात. पण त्यापलीकडे आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोघांचं मूळ मध्य युरोपातलं, खाणंपिणं सारखं. फरक असा की आमिश मुलं गोठ्याच्या अगदी जवळ वाढतात आणि हटराइटांची शेती यांत्रिक व घरापासून दूर असते. आमिश मुलांत दमा पाच टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत २१ टक्के. गोठ्यातल्या जंतूंच्या सहवासात लहानपण गेलं तर शरीराची प्रतिकारयंत्रणा वेगळं वळण घेते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण या आक्षेपाने माझा मुद्दा पडत नाही, उलट घराकडेच बोट जातं. जुन्या कौलारू घराला फटी होत्या, कौलांतून हवा खेळत होती. चुलीच्या धुराने बायकांच्या फुप्फुसांची नासाडी केली, तो धूर मला पुन्हा नको आहे, पण चुलीच्या उबेने घर सुकं राही हेही खरं. अंथरूण म्हणजे घोंगडी, वाकळ आणि चटई. सकाळी गुंडाळायची, ऊन पडलं की वलणीवर टाकायची. आज स्लॅबची खोली, सरकत्या काचांच्या बंद खिडक्या, गळक्या स्लॅबवर नंतर घातलेला पत्रा, फोमची जाड गादी, खाली सामान कोंबलेला बॉक्सचा पलंग, सोफा आणि पडदे. पाऊस मात्र पूर्वीएवढाच. पावसाळ्यात कपडे वाळवायला जागा नसते म्हणून झोपायच्या खोलीत दोरी बांधली जाते, आणि त्या कपड्यांतलं सगळं पाणी रात्रभर त्या खोलीच्या हवेत उतरतं.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचाच असतो, आणि तो अधिक अवघड आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास दम्याचे झटके वाढतात ते विषाणूंमुळे. शाळेत एकाला सर्दी झाली की वर्गभर पसरते, तिथे बिचाऱ्या धूळकिड्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मोजला गेला आहे. मँचेस्टरमधल्या मुलांच्या २००६ सालच्या अभ्यासात एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, घरात त्याच पदार्थाचं मोठं प्रमाण आणि त्याच वेळी विषाणूची सर्दी अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दम्यासाठी रुग्णालयात भरती होण्याची शक्यता जवळपास एकोणीस पट आढळली. या गोष्टी सुट्या-सुट्या होत्या तेव्हा धोका इतका नव्हता. सर्दी ठिणगी असेल, पण तिला आधीच सुजलेली श्वासनलिका मिळते म्हणून भडका होतो. कोकणातला महिन्यांचा क्रम पाहिला तर हे नीट जुळतं. जून ते सप्टेंबर धूळकिड्यांची आणि बुरशीची वाढ होते. गौरी-गणपतीच्या आधी माळ्यावरचं सामान खाली निघतं, पाहुण्यांसाठी वर्षभर बांधून ठेवलेल्या गाद्या उघडल्या जातात. दिवाळीपूर्वी जळमटं काढली जातात, भिंती खरवडून रंग होतो. किड्यांची संख्या तोवर घटायला लागली तरी चार महिन्यांत साठलेली विष्ठा धुळीत तशीच असते, आणि नेमक्या त्या वेळी ती ढवळली जाते.

मग मोहोराचं काय? आंब्याचा पराग चिकट आणि जड असतो. तो माश्या-कीटकांच्या अंगाला चिकटून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो, वाऱ्यावर दूर वाहून नेण्यासाठी तो घडलेलाच नाही. सावरीचा कापूस तर पराग नव्हेच, ते बियांभोवतीचे तंतू. मोहोराच्या उग्र वासाने एखाद्याचं नाक चुरचुरतं, पण तेवढ्याने ती ॲलर्जी ठरत नाही. मोहोराचे दिवस मात्र आणखी काही गोष्टींचे दिवस असतात. थंडी पडते म्हणून पावसाळाभर पेटीत राहिलेली पांघरुणं बाहेर निघतात आणि न धुता अंगावर घेतली जातात. पहाटेच्या धुक्यात धूर आणि धूळ जमिनीलगत दाटून राहते. आंब्यावर कीटकनाशकांच्या फवारण्या चालतात. लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो मोहोर, आणि आळ त्याच्यावर येतो. याचा अर्थ परागांची ॲलर्जी इथे होतच नाही असा नाही. ज्यांचे पराग वाऱ्यावर जातात अशी गवतं, काटेमाठ, किनाऱ्याकडचं सुरू, आणि माड यांचा काहींना खरोखर त्रास होतो. गवतं पाऊस सरताना फुलतात, आणि त्या दोन महिन्यांत मोकळ्या हवेत डोळे लाल होऊन खाजत असतील, घरात शिरल्यावर बरं वाटत असेल तर मी परागांचाच विचार करतो. गाजर गवताचं प्रकरण आणखी वेगळं. पुण्यात १९५०च्या दशकात नोंदलं गेलेलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर शिरलं असं सांगितलं जाणारं हे तण आता रस्त्याकडेच्या भरावांवर सगळीकडे दिसतं. त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेवर जी कातडी जाड आणि काळी पडते ती सांभाळायला फार चिवट असते. पण हे सगळं मिळूनही पेण-रोह्यातल्या वर्षभराच्या खोकल्याचा हिशेब लागत नाही. जो त्रास जुलैच्या संततधारेत, हवेतले पराग धुऊन गेलेले असताना, दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात वाढतो, त्याचं कारण घरातच असणार.

धूर आणि धूळ यांच्याबद्दल बोलताना माझं म्हणणं थोडं सावधपणे ऐकावं, कारण त्याचा गैरफायदा घेता येतो. ‘दोष घरात आहे’ असं म्हटलं की कारखानदारी, महामार्गाचं रखडलेलं काम आणि वणवे यांना मोकळं सोडल्यासारखं वाटतं. तसं नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळचा रासायनिक वास असो की गाड्यांचा धूर, ते श्वासनलिकेला चेतवतात. ज्याची नलिका ॲलर्जीने आधीच सुजलेली आहे त्याला ते कित्येक पट जास्त बाधतात. फरक एवढाच की चेतवणारी वस्तू आणि ॲलर्जी निर्माण करणारी वस्तू या दोन वेगळ्या, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. पेणच्या गणपती कारखान्यांत हे रोज दिसतं. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत प्लॅस्टरच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासताना उडणारी पांढरी भुकटी नाक-घसा सोलून काढते, पण प्लॅस्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. त्याची ॲलर्जी क्वचितच होते. पेंट आणि स्प्रेचं तसं नाही, काही रंगांतल्या आणि वॉर्निशांतल्या रसायनांनी कायमचा दमा लागू शकतो. त्यामुळे कारागिराला सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, हा प्रश्न विचारावाच लागतो. पोह्यांच्या भट्ट्या आणि भातगिरण्या यांतल्या तुसाची गोष्ट दुहेरी आहे. तूस टोचतं-चेतवतं, आणि पोत्यात साठलेल्या धान्या-पिठात धूळकिड्यांचेच भाऊबंद वाढतात. घरातला सर्वांत वाईट धूर मात्र आपणच विकत आणतो. डास मारायची एक कॉइल रात्रभर जाळली तर तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. बंद खोलीत, दमेकरी मुलाच्या उशाशी ती जळत असते. मच्छरदाणी हा तिला साधा पर्याय आहे, आणि ती आठवड्याला गरम पाण्याने धुता येते.

झुरळांबद्दल थोडक्यात. शहरी गरीब वस्त्यांचा प्रश्न म्हणून त्यांना सोडून दिलं जातं. अमेरिकेतल्या आठ शहरांमधल्या दमेकरी मुलांच्या १९९७ सालच्या अभ्यासात, झुरळांची ॲलर्जी असलेली आणि घरात झुरळं भरपूर असलेली मुलं इतरांच्या तिपटीहून जास्त वेळा रुग्णालयात भरती झाली होती. पेण-रोह्याच्या बाजारपेठेतल्या जुन्या चाळी आणि नव्या इमारती, दोन्हींच्या मोऱ्या आणि ओटे पाहिले की हा प्रश्न आपलाही आहे हे पटतं. फवाऱ्याने ती मरतात, पण फवाऱ्याच्या वासाने रुग्णाचा दम कोंडतो. रात्री खरकटं न ठेवणं, मोरीची जाळी बदलणं आणि कोपऱ्यांत जेलचे ठिपके लावणं हा मार्ग मला बरा वाटतो.

आता तपासणीच्या कागदाबद्दल बोलायला हवं, कारण तिथे लोकांचे पैसे आणि मुलांचं खाणं दोन्ही वाया जातं. रक्ताच्या एका नमुन्यावर साठ-सत्तर पदार्थांची ॲलर्जी तपासून देणारे पॅकेज आता तालुक्याच्या गावीही मिळतात. अहवालात वांगं, केळं, दही, शेंगदाणा, तांदूळ अशा नावांपुढे कमी-जास्त आकडे येतात आणि घरचे मुलाचं अर्धं जेवण बंद करतात. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं शरीरात आहेत. तो पदार्थ खाल्ल्याने त्रास होतो हे त्यावरून सिद्ध होत नाही. रोज तांदूळ खाऊन ज्याला काही होत नाही त्याच्या तांदळाच्या आकड्याला काही अर्थ नाही. उलट त्याच कागदावर धूळकिड्यांपुढचा आकडा मोठा असेल आणि तक्रार पहाटेची, अंथरुणातली असेल तर तो मोलाचा. कागद तक्रारीच्या पाठीमागून यावा, तिच्या आधी नव्हे. खोकणाऱ्या मुलाचं केळं आणि दही तोडून दमा बरा झाल्याचं मी पाहिलेलं नाही. वजन घटलेलं मात्र पाहिलं आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप पुराव्याच्या आधारेच घेतला जातो. धूळकिडे कमी करण्याच्या उपायांवर झालेल्या ५४ चाचण्यांचा आढावा डॅनिश संशोधक गॉट्शे आणि योहानसन यांनी २००८ साली घेतला, त्यात सुमारे तीन हजार रुग्ण होते. निष्कर्ष असा की अशा उपायांनी दम्यात फरक पडल्याचं दिसत नाही. मग अंथरुणाचा एवढा खटाटोप कशासाठी? माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की त्यातल्या पुष्कळ चाचण्यांनी एकच उपाय तपासला होता. गादीला खोळ घातली, पण सोफा, पडदे आणि ओल तशीच राहिली. किडे पुरेसे कमीच झाले नाहीत तर आजार कसा कमी होणार? २००४ साली अमेरिकेतल्या सात शहरांत ज्या मुलांच्या घरी त्यांच्या-त्यांच्या ॲलर्जीप्रमाणे अंथरूण, धूर, झुरळं आणि बुरशी यांवर एकत्र काम झालं, त्यांचे त्रासाचे दिवस कमी झाले आणि परिणाम दुसऱ्या वर्षीही टिकला. २०१७ साली इंग्लंडमध्ये तर नुसत्या किडेरोधक खोळींनीही, जोराच्या झटक्याने रुग्णालय गाठावं लागणाऱ्या मुलांचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत खाली आलेलं दिसलं. दुसरा भाग असा की आक्षेपातलं तथ्य मी नाकारत नाही: प्रौढांत, औषधाशिवाय, केवळ झाडलोट करून दमा आटोक्यात येईल असा दावा पुराव्याला धरून नाही. घर सुकवणं हे औषधाच्या जोडीला आहे.

आणि औषधाच्या बाबतीत आपल्याकडे फार मोठी चूक चालते, तिचे परिणाम जिवावर बेततात. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. ही तफावत हवामानाची नाही, उपचारांची आहे. ‘ॲलर्जिक खोकला’ म्हणून सिरप, अँटिबायोटिक आणि रात्रीची एक गोळी, फारच झालं तर वाफ, इतक्यावर वर्षं काढली जातात. दमा हे नाव घेतलं तर मुलीचं लग्न अडेल, पंप दिला तर सवय लागेल, ही भीती घरात असते आणि डॉक्टरही तिला शरण जातो. पंपातल्या स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट सुजलेल्या जागी पोचतं. वारंवार गिळलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या त्याहून कितीतरी पट अपायकारक. २०१९ पासून तर दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना, केवळ श्वास मोकळा करणारा पंप एकटा वापरू नका, त्याच्या जोडीला सूज उतरवणारं स्टिरॉइड हवंच, असं स्पष्ट सांगतात. जो रुग्ण श्वास मोकळा करणारा निळा पंप खिशात ठेवून वर्षाला पाच-सहा संपवतो, तो मला सर्वांत धोक्यातला वाटतो.

राहिला गरिबीचा आक्षेप. कोकणात पावसाळ्यात घर कोरडं ठेवा म्हणणं सोपं, ते करायचं कसं? यंत्र लावून ओल शोषून घेणं कोणाला परवडेल? म्हणून मी सांगतो ते काम जुलैचं नाही, मे महिन्याचं आहे. आगोटीची तयारी आपल्याकडे घरोघर होतेच. लाकूडफाटा, सुकी मासळी, मसाला, पापड यांच्या बेगमीत अंथरुणाची भर घालावी. कडक उन्हात किडे मरतात. सिडनीत १९९४ साली सतरंज्या काही तास तापलेल्या उन्हात टाकून हे तपासलंही गेलं आहे. मेलेल्या किड्यांची घाण उरते, म्हणून ऊन दिल्यावर गाद्या घराबाहेर नेऊन, तोंडाला फडकं बांधून बडवायच्या, आणि हे काम दमेकरी माणसाने करायचं नाही. चादरी, उशांचे अभ्रे आणि मच्छरदाणी ५५-६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हाताला चटका बसेल अशा पाण्यात, भिजवून धुवायच्या. थंड पाण्यातल्या साबणाने किडे मरत नाहीत. पावसाळ्यात जमेल तेव्हा उशीवर इस्त्री फिरवायची. कापसाची जुनी, गाठी झालेली उशी टाकून द्यायची. दमेकरी मुलाच्या खोलीतून ओले कपडे, सोफा आणि कागदाच्या पेट्या बाहेर काढायच्या, बाकी घराचं नाही जमलं तरी चालेल. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. पंपाचं औषध पाऊस सुरू होण्याआधीच घरात आणून, जूनपासून न चुकता घ्यायचं. यात पैसा थोडा लागतो, श्रम जास्त, आणि ते श्रम बहुतेक घरांत बाईवर पडतात हे मला ठाऊक आहे. म्हणून ही यादी मी घरातल्या पुरुषाला समोर बसवून सांगतो.

एक गोष्ट मात्र कुटुंबाच्या हाताबाहेरची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा ठरलेली आहे. तेवढ्या जागेत स्वयंपाक, झोप आणि कपडे वाळवणं सगळं एकाच हवेत होतं. या पर्जन्यमानाच्या तालुक्यात अशा घरांना समोरासमोर दोन खिडक्या, भिंतीपासून हातभर पुढे आलेली पागोळी, जोत्याखाली ओल रोखणारा थर आणि कपडे वाळवायला छपराखालची एक पडवी, एवढ्या चार गोष्टी आराखड्यातच असायला हव्यात. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते तेव्हा हा विषय आरोग्य उपकेंद्राने तिथे मांडायला हवा, आणि मांडायची वेळ पाया खणण्याआधीची आहे.